न जमण्याचा सराव

जया शिगवणचा उजवा पंजा डोंबिवलीच्या एमआयडीसीत, बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या एका कारखान्यात गेला. प्रेसच्या तोंडाशी हात जाऊ नये म्हणून पुढे एक जाळी असते. ती लावली की दर खेपेला थोडा वेळ जास्त जातो, म्हणून सुपरवायझरने ती काढून ठेवलेली आणि सगळ्या बायका तशाच काम करायच्या. जयाने शेजारणीला काहीतरी विचारायला मान वळवली, तेवढंच. मालकाने दवाखान्याचं बिल भरलं, वर थोडे पैसे दिले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या शेजारणीला जयाच्या मशीनवर बसवलं. जाळी तेव्हाही लावली नाही.

तेव्हा ती पस्तिशीची होती. माहेर-सासर दोन्ही संगमेश्वरकडचं. नवरा तानाजी खोपटच्या एसटी आगारासमोर एका गॅरेजात मेकॅनिक. मुलगी सान्वी शाळेत. टिटवाळ्याला एका नव्या बिल्डिंगमध्ये त्यांचा वन रूम किचन होता, आणि अपघातानंतर जया त्या घरात बसली.

पहिलं वर्ष वाईट गेलं. दात घासताना, वेणी घालताना, पदराला पिन लावताना ती रडायची. मग हळूहळू रडणं मागे पडलं आणि हात पुढे आला, डावा. तानाजीने तिला एका पाटाला दोन खिळे उलटे ठोकून दिले. बटाटा त्या खिळ्यांवर खोचायचा आणि डाव्या हाताने चिरायचा. तांदळाची भाकरी ती एका हाताने थापायला लागली. जरा जाड व्हायची, पण फुगायची. सान्वीची वेणी घालताना एक पेड सान्वी स्वतः धरायची, दोन पेड आई सांभाळायची. ब्लाउजचं बटण ती मनगटाच्या थोट्या टोकाने कापड छातीशी दाबून, अंगठ्याने काजात ढकलून लावायची. बघणाऱ्याला कळायचंही नाही इतक्या पटकन. एकदा मजल्यावरच्या बायकांनी पैज लावली आणि तिने दोन हात असलेल्या दोघींच्या आधी बटणं लावून दाखवली. त्या दिवशी जया खूप हसली होती.

असं सगळं चाललेलं असताना प्रीतम तिच्या घरी आला.

प्रीतम डोंबिवलीचा, इंजिनिअर झालेला, पंचविशीतला मुलगा. बरोबर त्याची धंद्यातली पार्टनर दिशा. जयावर उपचार करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून त्यांना तिचा पत्ता मिळालेला. स्वस्तातला कृत्रिम हात बनवायचा, असं दोघांच्या डोक्यात होतं. बाहेरदेशी मिळणारे हात लाखांत जातात. यांना तो प्रेसवर काम करणाऱ्या माणसाला परवडेल असा करायचा होता.

"ताई, आम्हाला कोणीतरी वापरून बघणारं हवंय," प्रीतम म्हणाला. "काय चुकतंय ते सांगणारं. डॉक्टर सांगतात, पण त्यांना दोन्ही हात आहेत."

जयाला तो मुलगा आवडला. त्याने चहाचा कप स्वतः उचलून मोरीत नेऊन ठेवला, तिला दया दाखवायला नव्हे, सवयीने.

ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये जुन्या कारखान्याची एक इमारत काचा लावून नवी केलेली होती. तिथे 'धुमारा' नावाचं इन्क्युबेटर होतं. नुकत्या निघालेल्या कंपन्यांना पहिल्या दोन वर्षांत पायावर उभं करायचं, हे त्यांचं काम. बसायला टेबल, थ्रीडी प्रिंटर, सोल्डरिंगची खोली, वकील, हिशेब बघणारा माणूस, अनुभवी सल्लागार हे सगळं तिथे मिळायचं, आणि शेवटी पैसे घालणाऱ्यांसमोर, अनुदान देणाऱ्यांसमोर उभं राहायची संधी. त्या दिवसाला ते डेमो डे म्हणायचे. प्रीतम आणि दिशाला तिथे जागा मिळालेली. ती मिळाली नसती तर तो हात प्रीतमच्या आईच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावरच राहिला असता, हेही खरं.

आठवड्यातून दोनदा जया तिथे जायला लागली. पहिला हात जड होता, दुसरा तापायचा. तिसरा बरा निघाला. पांढऱ्या प्लास्टिकचा, कोपराखाली दोन पट्ट्यांनी बसणारा. दंडाखालचा स्नायू आवळला की तीन बोटं मिटायची, सैल सोडला की उघडायची. मध्ये एक श्वास जायचा. जया म्हणायची, "माझा हात ऐकतो, पण जरा विचार करून."

तो हात तिला घरी न्यायला दिला तेव्हा तिने त्या प्लास्टिकच्या मनगटात चार हिरव्या बांगड्या भरून घेतल्या. पंजा बसवायच्या आधी, दिशाकडून. त्या हाताने स्वयंपाक व्हायचा नाही, डाव्याइतकं काहीच व्हायचं नाही. पण चालताना बांगड्या वाजायच्या, दोन्हीकडून. त्यासाठी ती तो हात घालायची.

डेमो डे जवळ आला तशी ऋतुराजसरांची गाठ पडली. ऋतुराज धुमाराचे मुख्य सल्लागार. आधी मोठ्या कंपनीत विक्रीचं काम बघितलेले, चाळिशीचे, आवाज कधी न चढवणारे. जयाला पहिल्या भेटीत खुर्ची त्यांनी स्वतः ओढून दिली.

"ताई, तुम्ही काय काय करता ते दाखवा मला. आधी हाताशिवाय, मग हात घालून."

जयाने हौसेने दाखवलं. पेल्यात पाणी ओतलं, प्यायली, शर्टाचं बटण लावलं. मग हात घातला आणि तेच सगळं पुन्हा केलं, जरा हळू.

ऋतुराज प्रीतमकडे वळून म्हणाले, "हिला हाताशिवाय जास्त चांगलं येतंय."

"सर, ताईंनी तीन वर्षं—"

"हो, कौतुकच आहे. पण समोर बसलेला माणूस काय विचारेल? हिला गरज काय? आधी प्रॉब्लेम दिसला पाहिजे रे. मला आत्ता प्रॉब्लेम दिसलाच नाही."

प्रीतम म्हणाला, "मग काय करायचं? खोटं दाखवायचं?"

ऋतुराज जयासमोर स्टूल घेऊन बसले.

"ताई, हात गेला, त्यानंतर घरी आलात तो पहिला दिवस आठवतो?"

"आठवतो."

"त्या दिवशी बटण लावता आलं?"

"नाही."

"पेला?"

"सुटला होता. डाव्या हाताची सवय नव्हती."

"मग तो दिवस दाखवा. तो खोटा होता का?"

तो दिवस खोटा नव्हता.

"तुला किती लोकांना हात द्यायचाय?" ऋतुराजांनी मग प्रीतमला विचारलं.

"जितक्यांना देता येतील तितक्यांना."

"मग एका बाईच्या हातून एक पेला पडू दे."

सराव सुरू झाला. पेला आधी प्लास्टिकचा होता, तो बदलून स्टीलचा आणला, कारण पडल्यावर आवाज व्हायला हवा होता. जयाला पेला पाडणं जमेना. तिची बोटं आपोआप घट्ट व्हायची. पाडायचा म्हणून पाडला की तो टाकल्यासारखा दिसायचा. ऋतुराज न कंटाळता परत परत सांगायचे. बोटं अशी ठेवा, खांदा आधी सैल सोडा.

"आणि सुटल्यावर पेल्याकडे बघू नका. समोर बघा."

"किती वेळ?"

"कोणीतरी मान खाली घालेपर्यंत."

बटणाचं काम दिशाने केलं. हात घालूनही काजातून बटण जायला फार वेळ लागायचा, स्टेजवर तेवढा वेळ नसतो. तिने कुर्त्याला वरून मोठं बटण शिवलं आणि खाली टिचबटण लावलं. प्लास्टिकचं बोट दाबलं की खट्कन लागायचं. लांबून बघणाऱ्याला खरंच वाटायचं. शिवताना दिशा म्हणाली, "ताई, पुढच्या मॉडेलला खरंच जमेल. हे फक्त तोपर्यंत." तिला स्वतःला ते पटलेलं होतं.

ठाण्यातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये डेमो डे झाला. जया स्टेजवर गेली. पेला सुटला, घरंगळत पहिल्या रांगेपर्यंत गेला. तिने समोर बघितलं. दुसऱ्या रांगेतल्या एका बाईने मान खाली घातली. मग कुर्ता, मग बटण, मग न जमणं, परत न जमणं. मग प्रीतमने हात पट्ट्यांनी बांधला, बोट बटणावर आलं, खट्. हॉल उभा राहिला. चहाच्या वेळेला ती दुसऱ्या रांगेतली बाई डोळे पुसत आली आणि जयाच्या प्लास्टिकच्या हाताबरोबर सेल्फी काढून गेली.

कंपनीला अनुदान मिळालं. ऋतुराज जयाला म्हणाले, "तुमच्यासारखं टायमिंग मी नटांमध्येही बघितलेलं नाही." जयाला आवडलं ते. प्रेसवर बारा वर्षं काम करून तिला कुणी असं काही म्हटलं नव्हतं.

त्यानंतर धुमाराने एक फिल्म करायची ठरवली. कॅमेरावाले टिटवाळ्याला आले. खिळ्यांचा पाट त्यांनी ओट्याखाली सरकवून ठेवला. सान्वीला सांगितलं, आईला एक घास भरव.

सान्वी हसायला लागली. "आई जेवते की आपली आपली."

"हो गं, पण एकदाच."

तिने घास उचलला आणि परत हसली. परत केलं, परत हसली. सहाव्यांदा की सातव्यांदा, कधी ते कुणाला आठवत नाही, पण एकदा ती हसली नाही. आईच्या तोंडाकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. कॅमेरावाला म्हणाला, हे झालं.

फिल्म सगळीकडे गेली. व्हॉट्सअ‍ॅपवर, शाळेच्या ग्रुपवर, गावाला. खाली संगीत होतं. शेवटी हात घालून जया बटण लावते आणि धुमाराचं नाव येतं.

गॅरेजात मुलांनी ती तानाजीला दाखवली. दाखवताना त्यांनी आवाज बारीक केलेला. एक जण म्हणाला, "तानाजीभाऊ, कधी बोलला नाहीत." मालकाने त्याला त्या दिवशी लवकर सोडलं. तानाजी घरी आला तेव्हा जया भाताचं पातेलं उतरवत होती. त्याने ते तिच्या हातातून घेतलं.

"राहू दे. मी घेतो."

"मी रोज उतरवते."

"राहू दे म्हटलं ना."

त्या दिवसापासून तो सगळंच हातातून घ्यायला लागला. बादली, पिशवी, दाराची कडी. आधी मायेने, मग घाईने, मग चिडून. एका सकाळी ती ब्लाउजचं बटण लावत असताना तो बघत उभा राहिला.

"काय बघताय?"

"लोक मला विचारतात, रोज सकाळी बायकोची बटणं तूच लावतोस का."

"तुम्हाला माहितीये ना मला येतात ते."

"माहितीये," तानाजी म्हणाला. "पण ती फिल्म इतक्या वेळा बघितली की आता माझी मलाच खात्री राहिली नाही."

खरी गोष्ट अशी की बटण त्या सकाळी दोनदा निसटलं. कुणी बघत असलं की जयाचा खांदा आपोआप सैल पडायचा. इतका सराव झालेला.

फिल्म निघायच्या आधीपासून तिचं एका कामाचं बोलणं चाललं होतं. कल्याणला मीराबाई नावाच्या बाई मसाल्याचा गृहोद्योग चालवायच्या. वजन करून पाकिटं सील करायचं काम होतं. मजल्यावरच्या शेजारणीने शब्द टाकलेला आणि मीराबाई म्हणालेल्या, हात नसला तरी चालेल, काम आलं पाहिजे. जया ठरल्या दिवशी गेली. प्लास्टिकचा हात घरी चार्जिंगला होता. तसाही कामाला तो अडचणच करायचा.

मीराबाईंनी तिला दारातच ओळखलं. "तू ती व्हिडिओतली ना?"

"हो."

"अगं, तुला तर पेला धरता येत नाही. इथे गरम मशीन आहे सीलिंगचं. काही झालं म्हणजे?"

"मला येतं, मावशी. बघा तरी."

जया बसली. थोट्या मनगटाने पाकीट काट्यावर टेकवलं, डाव्या हाताने मसाला भरला, तोंड सपाट केलं, मशीनमध्ये धरलं, काढलं. एक, दुसरं, तिसरं. इथे खांदा सैल पडला नाही, काम समोर होतं म्हणून. बाकीच्या बायका थांबून बघायला लागल्या. मीराबाईंनी पाकीट उचलून सील ताणून पाहिलं. पक्कं होतं.

"मग ते काय होतं?" त्यांनी विचारलं.

ते नाटक होतं म्हटलं तर ही गोष्ट कल्याणहून ठाण्याला जायला किती वेळ लागणार. प्रीतमचं अनुदान, पुढचा हात, ज्यांना तो मिळायचा होता ती माणसं, सगळं तिच्या एका वाक्यावर होतं.

"तेव्हा येत नव्हतं," ती म्हणाली.

"कालपरवाचा तर व्हिडिओ आहे. आणि त्यात तो हात घातल्यावर जमतं म्हणतात. मग आज हात कुठाय?"

"घरी."

मीराबाईंनी पाकीट खाली ठेवलं. त्या वाईट बाई नव्हत्या. पंधरा बायकांचं पोट चालवत होत्या. "हे बघ," त्या म्हणाल्या, "एक तर तू तिथे खोटं बोललीस, नाही तर इथे बोलतेयस. मला दोन्ही नको. जा तू."

जयाने हे प्रीतमला सांगितलं नाही. त्याला वाईट वाटलं असतं, असं तिला वाटलं. पुढचं मॉडेल आलं की आपोआप सगळं खरं होईल, अशी तिने मनाची समजूत घातली.

पुढचं मॉडेल आलं नाही. अनुदान संपत आलेलं आणि माणसांसाठीचा हात विकायचा तर परवानग्या, चाचण्या, डॉक्टरांची मान्यता, वर्षंच्या वर्षं. भिवंडीच्या गोदामांना मात्र खोकी उचलणारे यांत्रिक पंजे लगेच हवे होते. प्रीतमने बनवलेल्या हाताची पकड एका पैसेवाल्याला आवडली. ऋतुराजांनी सल्ला दिला की रस्ता बदला, यालाच धंदा म्हणतात. प्रीतम दोन आठवडे जेवला नाही असं म्हणतात. मग जेवला. धुमारात केक कापला गेला. जयाला बोलावलं नव्हतं. तिने तो फोटोत बघितला.

हात न्यायला दिशा आली. प्रीतम खाली रिक्षात बसून राहिला, वर आला नाही.

"ताई, यातल्या मोटर आणि सेन्सर नव्या मशीनला लागतायत. हा एकच चालू पीस आहे."

"दुसरा कधी देणार?"

दिशाने बॅगेतून थर्माकोलचा खोका काढला. "सध्या आपण मेडिकलमध्ये नाही आहोत, ताई."

जयाने हात पुढे केला. दिशाने पट्टे सोडवले. बांगड्या पंजावरून निघेनात, बोटांच्या सांध्यात अडकायला लागल्या. तेव्हा तिने स्क्रूड्रायव्हरने पंजाच मनगटापासून वेगळा केला, बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या आणि दोन्ही तुकडे खोक्यात भरले. सान्वी दारात उभी राहून बघत होती. जाताना दिशाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. सान्वीने मान बाजूला घेतली.

हात गेला, फिल्म राहिली. जया आठवडाभराने ठाण्याला गेली. धुमाराच्या दाराच्या काचेवर तिचा पुरुषभर उंचीचा फोटो लावलेला होता, बटण लावतानाचा. तो सरकवूनच आत जावं लागायचं.

"सर, ती फिल्म काढून टाका," ती ऋतुराजांना म्हणाली. "कंपनीच आता हात बनवत नाही."

"बसा ना, ताई." त्यांनी पाणी मागवलं. "कंपनीने रस्ता बदलला. पण आमच्या कामाचा तो पुरावा आहे. सरकारी माणसं येतात, देणगी देणारे येतात, त्यांना आधी ती दाखवतो. आणि तुम्ही संमती दिलेलीच होती."

"मला काम मिळत नाही तिच्यामुळे. लोक म्हणतात मला काही येत नाही."

"मला माहितीये तुम्हाला काय येतं," ऋतुराज म्हणाले, आणि ते खरंच तिच्याकडे आदराने बघत होते. "इथेच या की. आमच्याकडे आता तीन नव्या कंपन्या आहेत, ज्यांना तुमच्यासारखी माणसं लागतात. एक ऐकू न येणाऱ्यांसाठी, एक मधुमेहाची, एक आंधळ्यांसाठी. पोरं हुशार आहेत, पण त्या माणसांना स्टेजवर कसं उभं करायचं हे त्यांना कळत नाही. तुम्हाला कळतं."

भांडायला गेलेली जया महिन्याच्या पगारावर नोकरी घेऊन परत आली. तानाजीने काही विचारलं नाही. त्या रात्रीचं पातेलं मात्र त्याने तिला उतरवू दिलं.

कामात ती उत्तम निघाली. एका बहिऱ्या मुलीला तिने शिकवलं की ओठ वाचता येत असले तरी स्टेजवर निवेदकाच्या तोंडाकडे बघायचं नाही. मुलगी म्हणाली, मग मला काहीच कळणार नाही. जयाने मान डोलावली. हेच हवं होतं. मुलीची आई एकदा रागावून भांडायला आली, तेव्हा जया तिला शांतपणे म्हणाली, "तिला पहिल्या दिवशी ओठ वाचता येत होते का? मग तो दिवस खोटा होता का?" ऋतुराज शेजारच्या काचेतून बघत होते. त्यांना आपलंच वाक्य ऐकू आलं नसावं, पण ते हसले.

मग गणूमामा आले.

गणू भोईर, डोंबिवलीच्या मागच्या बाजूला खाडीलगतच्या एका गावचे. एके काळी बापाबरोबर मिठागरात राबलेले, पुढे जमिनीवर टॉवर उभे राहिले आणि घरात पैसा आला. साखरेच्या आजाराने डोळे गेले. पण मामा गावात एकटे हिंडायचे. देवळात, टपरीवर, खाडीच्या बांधापर्यंत. काठी असायची, तीही बहुतेक काखेत. पावलाखालची जमीन, वारा, माणसांचा आवाज यावरून त्यांना सगळा अंदाज यायचा. सून नयन त्यांना गाडीने ठाण्याला आणून सोडायची. एका नव्या कंपनीने आंधळ्यांसाठी कमरेचा पट्टा बनवला होता, समोर काही आलं की तो थरथरायचा. मामांना त्याची मजा वाटायची. "गुदगुल्या करते ही," म्हणायचे.

अडचण तीच. स्टेजवर खुर्च्या मांडून मामांना आधी पट्ट्याशिवाय चालायला सांगितलं की ते एकदा हात फिरवून घ्यायचे आणि मग वळसा घालून नीट पलीकडे जायचे. पट्टा लावल्यावर उलट गोंधळायचे.

"मामा, जरा आदळा ना खुर्चीवर," जया म्हणाली.

"कनाला? मना ठावं हाय ना खुर्ची कुठं हाय ती."

"लोकांना समजायला पाहिजे, तुम्हाला दिसत नाही ते."

"दिसत नाय म्हंजे काय मी येडा झालो?" मामा हसले. "मुद्दाम खाली पराचं मना नाय जमाचं, पोरी. दुसरं काय पन सांग."

तिने आपली सगळी विद्या लावून पाहिली. मामा ऐकायचे, हो म्हणायचे आणि खुर्चीला वळसा घालून जायचे. डेमो डेच्या आदल्या दिवशी ऋतुराज तिला एवढंच म्हणाले, "बघा काहीतरी."

हॉल तोच होता. पडद्यामागे मामा तिचा डावा हात धरून उभे होते. ते कुणाचा हात धरत नसत, पण इथे आवाज फार होते, त्यांना अंदाज येईना.

"खुर्च्या कालच्याच जागी का?"

"कालच्याच," जया म्हणाली. "उजवीकडे एक, आणि पलीकडे दोन. मोकळी वाट डावीकडून."

"मग झालं."

निवेदक पोरगा बोलायला लागला. सगळ्यांचं लक्ष मोठ्या पडद्यावर होतं. जया मामांचा हात सोडून पुढे गेली, उजवीकडची खुर्ची पाठीला धरून उचलली, सतरंजीवर आवाज होणार नाही अशी, आणि डावीकडच्या वाटेवर आणून ठेवली. एका हाताने खुर्ची उचलणं तिला अजिबात जड गेलं नाही. मग ती परत आली.

"चला, मामा."

मामा आत्मविश्वासाने निघाले. काठी काखेत होती. गुडघा खुर्चीला धडकला, खुर्ची आडवी झाली आणि मामा तिच्यावरून तोंडावर गेले. कपाळ स्टेजच्या कडेला लागलं. पूर्ण हॉलचा श्वास अडकल्याचा आवाज आला. मामांनी दोन्ही हात पसरून जमीन चाचपली, इकडून तिकडे, काय झालं हे न कळून. असं कुणालाच शिकवता आलं नसतं.

मग त्यांना उठवून पट्टा बांधला. पट्टा थरथरला, ते थांबले, घाबरून पाऊल टाकत टाकत पलीकडे गेले. लोक उभे राहिले. पट्ट्याच्या कंपनीला त्या दिवशी सगळ्यात मोठी रक्कम मिळाली.

जयाने मामांच्या कपाळाला बर्फ लावला आणि नयनची गाडी येईपर्यंत त्यांच्याजवळ बसली. मामांनी कपाळावरचं टेंगूळ बोटांनी चाचपलं.

"खुर्ची कोनी सरकवली?"

"कोणी नाही, मामा."

"नक्की?"

"मी तिथेच होते ना. कोणी हात लावला नाही. तुमचाच अंदाज चुकला."

मामांनी मान हलवली. त्यांना ते खरं वाटलं. खोटं का वाटावं, ती त्यांच्याशी कधी खोटं बोललेली नव्हती.

महिन्याभराने नयनचा फोन आला. तक्रार नव्हती, नुसतं विचारत होती. पप्पा बाहेर पडत नाहीत म्हणाली. देवळात नाही, टपरीवर नाही. घरातसुद्धा भिंत धरून चालतात, मोरीत जाताना नातवंडांना हाक मारतात. काय बोललं की म्हणतात, माझा अंदाज गेला. तो पट्टा मिळाला तर बरं होईल, त्यांना आधार वाटेल. कुठे मिळेल?

"अजून बाजारात आलेला नाही," जया म्हणाली. "वेळ लागेल."

"किती?"

"सांगता येत नाही. येईल त्यांना सवय परत."

काचेपलीकडून ऋतुराजांनी तिला खूण केली. नव्या तुकडीची माणसं येऊन बसलेली होती. जयाने फोन ठेवला आणि आत गेली.